सात बाय आठचं स्वयंपाकघर

"स्वयंपाकघर लहान, सामान फार, काय करावं ते सुचवा." अशा अर्थाची पत्रं या सदराकडे अधूनमधून येतात. आजवर मी ती बाजूला ठेवत आले. कारण उघड आहे. दुसऱ्याला जे सांगायचं ते आधी आपल्या घरात जमायला हवं, आणि आमच्या घरात ते जमत नव्हतं. फळ्या होत्या, हूक होते, दारामागे जाळीच्या पिशव्या होत्या. तरी रोज सकाळी कुकरचं झाकण शोधता शोधता माझा जीव मेटाकुटीला येई. आता मात्र थोडंफार जमलंय म्हणायला हरकत नाही. पण ते कसं जमलं हे सांगायचं, तर माझी एक चूकही सांगावी लागेल. सांगते. आपल्याच मैत्रिणी आहात, समजून घ्याल.

आधी घराचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर आमचा वन बीएचके. स्वयंपाकघर सात फूट रुंद आणि आठ फूट लांब. आठ फुटांच्या एका भिंतीला ओटा. त्यातच बेसिन, शेगडी, मिक्सर आणि पाण्याचा फिल्टर. समोरच्या भिंतीला दारापासून खिडकीपर्यंत ओळीनं फ्रीज, स्टीलची मांडणी, तांदळाची कोठी आणि जादा सिलिंडर. मध्ये तीन फुटांची वाट. त्या वाटेतही कांद्या-बटाट्यांच्या टोपल्या, म्हणजे खरी वाट दोनच फुटांची.

राष्ट्रीय इमारत संहिता म्हणून घरबांधणीच्या नियमांचं एक जाडजूड पुस्तक आहे. त्यात म्हटलंय, की जेवायला वेगळी जागा असेल तर स्वयंपाकघर कमीत कमी पाच चौरस मीटर असावं आणि त्याची रुंदी १.८ मीटरपेक्षा कमी नसावी. पाच चौरस मीटर म्हणजे साधारण ५४ चौरस फूट. आमचं ५६. म्हणजे कागदावर आमचं स्वयंपाकघर पुरेसं! ह्यांनी हा हिशेब मला मोठ्या आनंदानं करून दाखवला. मी म्हटलं, "नियम करणाऱ्यांनी एकदा दिवाळीच्या फराळाला इथे उभं राहून दाखवावं."

तरी पाच-सहा वर्षं निभावलं. मी, हे आणि आमची चौथीतली लेक. सकाळी डबे करायचे आणि मी साडेअकराला शाळेत. अर्धवेळ शिक्षिका असल्यानं चारच्या आत घरी. स्वयंपाकघरात मी एकटीच असे, त्यामुळे कसंही ठेवलं तरी माझ्या हाताला ते ठाऊक होतं.

गेल्या वर्षी सासूबाई कायमच्या आमच्याकडे आल्या. मामंजी गेल्यावर त्या वाईच्या घरात एकट्याच होत्या आणि गुडघे फार दुखायला लागले होते. त्यांच्याबरोबर टेम्पोत त्यांची दोन खोकी आली. पितळेची तीन पातेली, कल्हईचा एक टोप, लोणच्याच्या चिनी मातीच्या चार बरण्या, ताकाची रवी, विळी, खलबत्ता, पुरणयंत्र आणि भाकरीचं पीठ मळायची लाकडी काथवट. मी खोकी उघडली आणि पहिला विचार मनात आला तो एवढाच, हे सगळं ठेवू कुठे?

मग जे सगळ्या करतात तेच मी केलं. पातेली, टोप आणि बरण्या माळ्यावर टाकल्या. विळी मांडणीच्या मागे सरकवली. आणि काथवट? ती एका बाजूनं तडकली होती, कडेला काळी पडली होती आणि परातीपेक्षा दुप्पट जागा अडवत होती. रिकाम्या खोक्यांबरोबर मी ती कचऱ्याच्या गाडीत देऊन टाकली. कुणाला विचारलं नाही. कशाला विचारायचं, असंच त्या वेळी वाटलं.

चार दिवसांनी सासूबाईंनी विचारलं, "माझी काथवट कुठं दिसली नाही गं?" मी म्हटलं, "असेल आई, माळ्यावर असेल." खोटंच बोलले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

त्या हळूहळू स्वयंपाकघरात यायच्या थांबल्या. पहिल्या आठवड्यात येत, उंबऱ्यावर उभ्या राहत. मी इकडून तिकडे गेले की त्यांना अंग चोरावं लागे. खाली बसवत नव्हतं आणि फार वेळ उभं राहवत नव्हतं. मग त्या बाहेर खुर्चीवर बसून ताटात भाजी निवडायच्या आणि ते ताट मला आणून द्यायच्या. मला वाटायचं, बरं आहे, त्यांना विश्रांती मिळते.

एका दुपारी मी शाळेतून जरा लवकर आले. दार नुसतं लोटलेलं होतं. सासूबाई वाईला बहिणीशी फोनवर बोलत होत्या. "घर छान आहे गं. सून कामाची आहे, जेवायला गरम वाढते. पण मला मेलीला उभं राहायला जागा नाही." मी चपला काढता काढता थांबले. त्या फक्त स्वयंपाकघराबद्दल बोलत होत्या की आणखी कशाबद्दल, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

त्या रात्री मी ह्यांच्याशी बोलले. ह्यांचं म्हणणं, सरळ ट्रॉल्या बसवून घेऊ. सुताराला बोलावलं. त्यानं टेप लावला आणि ऐंशी हजारांचा अंदाज सांगितला. त्यातून पुढच्या वर्षी लेकीची फी वाढणार. सुतार गेला. मग म्हटलं, आधी आहे त्यात काय होतं ते तर पाहू.

पण त्याआधी एक काम बाकी होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी सासूबाईंना काथवटीचं खरं काय ते सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. "बरं" म्हणाल्या आणि देवापाशी दिवा लावायला उठल्या. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

टिकल्यांचा आठवडा

कपाट आवरायला आपण बसतो तेव्हा प्रत्येक वस्तू हातात घेऊन म्हणतो, "ही लागते की!" हातात घेतल्यावर सगळंच लागतं. म्हणून मी एक युक्ती केली. ड्रेसिंग टेबलात टिकल्यांची जुनी पाकिटं पडली होती, ती काढली. जी वस्तू वापरली जाईल, तिच्यावर धुऊन पुसून ठेवताना एक टिकली लावायची. लेकीला हा खेळ फार आवडला. आठ दिवस असं केलं. नववा दिवस रविवार होता. त्या दिवशी ओटा, मांडणी आणि ओट्याखालचं सगळं मोजलं. भांडी-डबे मिळून १३८ नग. टिकली किती जणांना? ५१.

म्हणजे उरलेली ८७ टाकून द्यायची का? मुळीच नाही. चकलीच्या सोऱ्याला आठवड्यात टिकली कशी मिळणार? मी तीन ढीग केले. पहिला रोजचा. दुसरा सणावाराचा आणि पाहुण्यारावळ्यांचा. तिसरा, ज्याला दोन वर्षांत हात लागला नाही असा. या तिसऱ्या ढिगात, मैत्रिणींनो, पितळी पातेली नव्हती. माझंच सामान होतं! लग्नात आलेले एकसारखे तीन लेमन सेट, झाकणं हरवलेले प्लास्टिकचे डबे, "फुकट मिळालं" म्हणून ठेवलेल्या अकरा बाटल्या, बंद पडलेला सँडविच टोस्टर. जागा सासूबाईंच्या खोक्यांनी अडली असं मी मनात धरून बसले होते, आणि अडवून बसले होते ती मी!

तिसऱ्या ढिगाचा एकच नियम पाळा. ज्याची वस्तू, त्यालाच ठरवू द्या. आपण दुसऱ्याची वस्तू टाकायची नाही, ती तडकलेली असली तरी.

कुठे काय

ढीग झाले की ते लावायचे कसे? यात फार शास्त्र नाही. कमरेपासून डोळ्यांच्या उंचीपर्यंतची जागा ही स्वयंपाकघरातली सगळ्यात महागाची जागा. तिथे फक्त टिकलीवाल्या वस्तू. जड वस्तू कमरेखाली. कुकर, लोखंडी तवा, खलबत्ता कधीही डोक्याच्या वर ठेवू नयेत. सणावाराचं ते माळ्यावर. आणि जी वस्तू जिथे वापरायची तिथेच तिचं घर. चहा-साखर शेगडीजवळ, पोळपाट-लाटणं पिठाच्या डब्यापाशी, किसणी आणि सुरी बेसिनजवळ, कारण भाजी धुऊनच चिरायची असते. माझा पिठाचा डबा इतकी वर्षं फ्रीजपाशी आणि पोळपाट शेगडीपाशी होता. रोज पोळ्यांच्या वेळी मी किती फेऱ्या मारत होते ते आत्ता लक्षात आलं.

आता फळ्यांकडे बघा. आमच्या मांडणीच्या दोन फळ्यांत चौदा इंचांचं अंतर आणि तिच्यावरचे डबे सहा इंचांचे. म्हणजे प्रत्येक डब्याच्या डोक्यावर आठ इंच हवा! त्या हवेत मी स्टीलचे दोन छोटे घोडे, म्हणजे चार पायांच्या जाळ्या, बसवल्या. खाली डब्यांची एक ओळ आणि वर एक ओळ. एकावर एक डबे रचू नका. खालचा काढताना वरचे तीन हलवावे लागतात आणि मग खालचा वापरलाच जात नाही.

डब्यांच्या आकाराची गंमत मला आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाईंनी सांगितली. चौकोनी जागेत गोल डबा ठेवला की कोपऱ्यांतली साधारण एकवीस टक्के जागा वाया जाते. म्हणजे पाच गोल डबे ठेवले की एका डब्याची जागा हवेत गेली. म्हणून काही लगेच सगळे गोल डबे मोडीत काढायला नकोत. मी फक्त डाळींचे सहा डबे चौकोनी घेतले. बाकीचे गोल डबे सणावाराच्या ढिगात, एकात एक घालून.

ओट्याखालची जागा खोल असते. मागे गेलेली वस्तू गेलीच म्हणून समजा. तिथे मी फळ्या वाढवल्या नाहीत. जुन्या दोन मोठ्या ट्रेमध्ये बरण्या आणि तेलाचे डबे ठेवले. ट्रे पुढे ओढला की मागचंही पुढे येतं. हीच गरिबाची ट्रॉली! झाकणं मात्र आडवी ठेवू नका. ताटाळ्यात ताटांसारखी उभी लावा. कुकरचं झाकण शोधण्यातला माझा रोजचा पाच मिनिटांचा शिमगा त्या दिवशी संपला.

जागा वाचवायच्या नादात एक गोष्ट मात्र विसरू नका. सिलिंडर कोंडून ठेवायचा नाही. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर जात नाही, जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला दार लावायचं असेल तर त्याला खालच्या बाजूला हवेची भोकं हवीत, आणि रेग्युलेटरपर्यंत हात चटकन पोहोचायला हवा. त्याच्याभोवती पिशव्या आणि जुनी वर्तमानपत्रं कोंबू नयेत. सिलिंडर नेहमी उभाच ठेवावा. शेगडीच्या वरच्या भिंतीवर तेलाच्या बाटल्या किंवा प्लास्टिकच्या बरण्याही नकोत. तिथली जागा रिकामी दिसते, ती रिकामीच राहू द्या.

कोठार कुणाचं?

सगळं लावून झालं तरी तांदळाची कोठी आणि जादा सिलिंडर खिडकीपाशी अडून होते. सासूबाईंच्या वाईच्या घरात वर्षाची बेगमी असे. ज्वारी, तांदूळ, तूरडाळ, चटणी, सगळं उन्हाळ्यात एकदम भरायचं. तिथे ते बरोबरच होतं. घर ऐसपैस आणि धान्य शेतातून येणारं. आमच्या इमारतीच्या खालीच वाण्याचं दुकान. मग त्याच्या दुकानात असलेलं धान्य आपल्या घरात आणून का साठवायचं? मी हिशेब केला. महिन्याला आम्हाला तांदूळ लागतात सात-आठ किलो आणि कोठीत असतात पंचवीस! घाऊक भावात थोडी बचत होते हे खरं, पण त्यासाठी छप्पन्न चौरस फुटांतले अडीच-तीन फूट तीन महिने अडकून राहतात.

हे मी सासूबाईंना विचारूनच करायचं ठरवलं होतं. विचारलं. त्या म्हणाल्या, "घरात धान्य नाही असं मला चालणार नाही. पण ते स्वयंपाकघरातच पाहिजे असं मी कधी म्हटलं?" बघा! कोठी बाहेरच्या दिवाणाखाली गेली. रिकाम्या डब्यात दहा किलो तांदूळ तेवढे आत राहिले. जादा सिलिंडर टोपण लावून हवेशीर गॅलरीत गेला. कांद्या-बटाट्यांच्या टोपल्या एकीवर एक येतील अशा जाळीच्या घेतल्या आणि फ्रीजच्या बाजूला उभ्या केल्या.

खिडकीपाशी पावणेतीन फूट जागा मोकळी झाली. शेजारच्या काकू बघायला आल्या आणि म्हणाल्या, "अगं, इथे एक उभं कपाट छान बसेल हो." मलाही तोच मोह झाला होता. मोकळी जागा दिसली की आपले हात शिवशिवतात.

माणसाची जागा

पूर्वी कधीतरी वाचलेली एक गोष्ट इथे आठवते. १९२६ साली जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरात कामकरी कुटुंबांसाठी नवी घरं बांधली जात होती. त्यांच्यासाठी मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या बाईंनी एक लहानसं स्वयंपाकघर आखलं. सुमारे सहा फूट रुंद आणि अकरा फूट लांब. त्यांनी आगगाडीच्या डब्यातल्या स्वयंपाकघरावरून धडा घेतला होता. पीठ, साखर, तांदूळ यांचे खण ओळीनं, ओढून थेट भांड्यात ओतता येतील असे. खिडकीखाली कामाचं टेबल आणि त्यापुढे फिरतं स्टूल, म्हणजे भाजी चिरताना बाईला बसता यावं. अशी जवळजवळ दहा हजार स्वयंपाकघरं तिथल्या घरांत बसवली गेली. आज जगभर जी ओटे-कपाटांची तयार स्वयंपाकघरं दिसतात, त्यांची ही आजी. गंमत म्हणजे हे स्वयंपाकघर आखेपर्यंत आपण कधी स्वयंपाक केला नव्हता, असं त्या बाईंनीच पुढे सांगितलं.

त्या स्वयंपाकघरावर पुढे एक आक्षेप मात्र आला. तिथे एकाच बाईला काम करता येई, दुसरं माणूस आत आलं की अडचण. घरातली बाई त्या चार भिंतींत एकटी पडली. मी हे वाचलं तेव्हा ते दूरच्या देशातलं वाटलं होतं. पण मीही आमचं स्वयंपाकघर एकटीपुरतंच मांडून ठेवलं होतं की! कोणती वस्तू कुठे ते फक्त मला ठाऊक. ह्यांना चहा करायचा झाला तर हाक मारावी लागे, "अगं, साखर कुठे?" आणि मग मीच तक्रार करी, की घरात कुणी हात लावत नाही.

म्हणून त्या पावणेतीन फुटांत कपाट आलं नाही. सुताराला पुन्हा बोलावलं आणि खिडकीखाली भिंतीला एक घडीची फळी लावून घेतली. दोन फूट लांब आणि दीड फूट रुंद. उघडली की टेबल, मिटली की भिंतीला चिकटून. आपला ओटा साधारण ३२ ते ३४ इंचांचा असतो, तो उभ्यानं काम करायला. बसून काम करायला तो उंच पडतो आणि खांदे भरून येतात. म्हणून ही फळी जमिनीपासून २८ इंचांवर घेतली आणि तिच्यापुढे १८ इंचांचं, पाठ टेकता येईल असं, घट्ट पायांचं आसन. फळीच्या आधारांचे खिळे विटांत खोल ठोकायला सांगा, वजन पेलायला हवं. मजुरीसकट दीड हजारांच्या आत काम झालं.

शेजारी भिंतीला तीन खुंट्या ठोकल्या. हूक म्हणत नाही, खुंट्याच. त्यांवर सासूबाईंची रवी, त्यांची झाऱ्याची जोडी आणि त्यांचा ओटा पुसायचा पंचा. त्यांची विळी पाटावर बसून चिरायची. ती ओट्यावर नीट बसेना. मग ओट्यावर ठेवून वापरायची घडीची छोटी विळी आणली.

पहिल्या दिवशी त्या आल्या आणि नुसत्याच बसल्या. खिडकीतून खालचं आंब्याचं झाड दिसतं, ते बघत होत्या. मग म्हणाल्या, "दे, मेथी दे इकडं." मेथी निवडता निवडता त्यांनी जे सांगितलं ते मी विसरणार नाही. वाईचं स्वयंपाकघर आमच्या सबंध घराएवढं. मला वाटायचं, केवढं सुख असेल! त्या म्हणाल्या, "मोठं होतं म्हणून काय झालं? आम्ही चार जावा आणि वर सासूबाई. मी लग्न होऊन आले तेव्हा सतरा वर्षांची. कुठली वस्तू घ्यायची तरी विचारून घ्यायची. पंधरा वर्षं त्या घरात माझी अशी एक खुंटी नव्हती. सासूबाई थकल्या तेव्हा त्यांनी काथवट माझ्याकडं दिली. म्हणाल्या, आता भाकरी तू करायची."

मी गॅस बारीक केला. काय बोलावं ते सुचेना. त्याच म्हणाल्या, "असू दे. तडकली होतीच ती."

पुढच्या रविवारी त्यांनी स्वतःच माळ्यावरची पितळी भांडी खाली काढायला लावली. एक पातेलं ठेवलं, पुरणाचं. दुसरं नणंदेला दिलं. तिसरं आणि टोप वाईच्या भावजयीकडे पाठवला. बरण्यांपैकी दोन ठेवल्या. मी एक शब्द सुचवला नाही. माझ्या मनातल्यापेक्षा जास्तच जागा त्यांनी मोकळी करून दिली. आपली वस्तू कुठे जाते ते आपण ठरवलं की ती सोडवत नाही असं होत नाही.

आता सकाळचं चित्र सांगते. मी शेगडीपाशी, त्या फळीपाशी. मी कुकर लावेपर्यंत त्यांची भाजी चिरून झालेली असते. डब्यांवर आम्ही चिठ्ठ्या लावल्यात, त्यामुळे चहाची साखर ह्यांनाही सापडते. माझी सकाळची निदान वीस मिनिटं वाचतात. आठवड्यातून दोनदा सासूबाई ज्वारीची भाकरी करतात. त्या फळीवर बसून माझ्या स्टीलच्या परातीत पीठ मळतात आणि दर वेळी म्हणतात, "परातीत हात फिरत नाही बाई." मी ऐकून घेते. बाजारात चांगली काथवट मिळते का ते हे बघताहेत. मिळाली तर ठेवायची कुठे, ते आम्ही दोघींनी आधीच ठरवून ठेवलंय.

जाता जाता काही बारीकसारीक सूचना

१. कुठलीही मांडणी, रॅक किंवा डबे विकत आणण्यापूर्वी आठ दिवस टिकल्यांचा प्रयोग करा. आधी खरेदी केली तर अडगळीसाठी आणखी एक कपाट होतं, एवढंच.

२. जागा इंचांत मोजा आणि कागदावर लिहून बाजारात न्या. "बसेल अंदाजानं" म्हणून आणलेली वस्तू अर्ध्या इंचानं अडते.

३. एक नवीन भांडं घरात आलं की एक जुनं बाहेर जाईल असा नियम घाला.

४. झारा, डाव, उलथनं, सांडशी भिंतीवर टांगा. पण शेगडीच्या अगदी वर नको. तिथे तेलाची राप बसते आणि हात भाजतो.

५. माळ्यावरच्या प्रत्येक खोक्यावर आत काय आहे ते मोठ्या अक्षरांत लिहा. एक यादी कपाटाच्या दाराला आतून चिकटवा.

६. चालण्याच्या वाटेत जमिनीवर काहीही नको. वयस्क माणसाचा पाय टोपलीत अडकायला एक क्षण पुरतो.

७. आणि शेवटचं. जागा मोकळी झाली की लगेच भरू नका. तिथे घरातलं कुणी बसू शकेल का, ते आधी बघा.

तुमच्या स्वयंपाकघरात काही वेगळी युक्ती चालत असेल, तर जरूर कळवा. जागेची मापं लिहायला विसरू नका हं!